झाडाला पहिलं भोक कितव्या वर्षी

चितेगावच्या ज्या कारखान्यात अण्णा मशीनवर होते, त्याच कारखान्याच्या ऑफिसात मला नोकरी लागली. अण्णा म्हणजे माझे वडील. खाली ते प्लास्टिकचा दाणा वितळवून नळ्या काढायचे आणि वर बसून मी परदेशातून येणाऱ्या ईमेलना उत्तरं द्यायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून मालकांनी अण्णांच्या शब्दावर मला घेतलं होतं. उस्मानपुऱ्याहून आम्ही त्यांच्या स्कूटरवर एकत्र निघायचो. पैठण रोडवर कारखान्याच्या थोडं अलीकडे चहाची टपरी आहे. तिथं ते मला उतरवायचे. "तू चालत ये माय, मी होतो पुढं." असं का, हे मी कधी विचारलं नाही. मला ते सोयीचं होतं.

घरी ते मला माय म्हणायचे आणि कारखान्यात मॅडम. आम्ही बापलेक आहोत हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते मॅडमच म्हणायचे. एकदा पॅकिंगच्या एका माणसानं त्यांना विचारलं, "काका, मॅडम घरी पण इंग्लिशमधीच बोलतात का?" अण्णा म्हणाले, "घरी कोणत्याच भाषेत बोलत नाय." सगळे हसले. मी तेव्हा जिन्यात होते. त्यांचं खोटं नव्हतं. घरी आल्यावर मी जेवायची, भांडी आवरायची आणि आतल्या खोलीत जायची. अण्णांशी काय बोलावं ते मला कधी सुचलंच नव्हतं.

कारखान्यात मुख्य काम ठिबकच्या नळ्यांचं होतं. त्या वर्षी कॅनडातल्या एका लहान दुकानदाराची मागणी आली. त्यांच्याकडे मेपल नावाचं झाड असतं. थंडी सरता सरता त्याच्या खोडाला भोक पाडतात आणि गोड पाण्यासारखा रस नळीतून उतारावर खाली आणतात. तो आटवून त्याचा पाक करतात. त्या माणसाला पेन्सिलीहून बारीक नळी हवी होती आणि आतलं भोक सगळीकडे अगदी सारखं हवं होतं. तो स्वतःही डोंगरावर झाडं राखून होता. मशीनवर हे काम अण्णांना दिलं गेलं आणि ईमेलचा मराठीत अर्थ सांगायला मला खाली पाठवलं गेलं.

पंप नाही, वीज नाही, तरी नळी रस ओढते, असं त्यात लिहिलं होतं. मला ते वाचून कळलं नव्हतं. अण्णांना ऐकून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कारखान्याच्या गच्चीवर बोलावलं. टाकीच्या कठड्यावरून दोन नळ्या खाली अंगणात सोडल्या होत्या, एक रुंद आणि एक ही नवी बारीक. दोन्ही पाण्यानं भरलेल्या. रुंद नळीचं खालचं तोंड सोडलं तसं पाणी भसकन पडून गेलं. त्यातून हवा वर चढते, ते म्हणाले. बारीक नळीत हवेला बाजूनं जायला जागाच नसते, म्हणून पाण्याचा धागा तुटत नाही. तो आपल्या वजनानं खाली जायला बघतो आणि मागचं सगळं ओढत राहतो.

"मॅडम, अंगठा लावून बघा," ते म्हणाले.

मी वरच्या तोंडावर अंगठा ठेवला. खाली कुणीतरी दुसरं टोक सोडलं आणि माझी कातडी आत ओढली गेली. दुखलं नाही, पण मी दचकले. अंगठा सोडवला तर त्यावर गोल, लाल खूण उठली होती. अण्णांनी माझा हात धरून अंगठा चोळायला सुरुवात केली, लहानपणी दारात बोट सापडलं की चोळायचे तसा. मग गच्चीवर आणखी दोघंजण उभे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी माझा हात सोडला. मी दुपट्टा सारखा केला.

त्या माणसाच्या पुढच्या ईमेलमध्ये एक ओळ अशी होती की तिकडच्या खारी या नळ्या कुरतडतात. मी ती अण्णांना सांगितली. ते इतके खूश झाले की घरी जाईपर्यंत स्कूटरवर तेच बोलत होते. आपल्याकडं ठिबकच्या नळ्या खारी कुरतडतात, तिकडंबी तेच. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, त्या माणसाला एक विचारून घे. एवढं ओढून घेतल्यावर झाडाला काही होत नाही का. आणि झाडाला पहिलं भोक कितव्या वर्षी पाडतात.

विचारते, असं मी म्हणाले.

मी विचारलं नाही. आमची प्रत्येक ईमेल मॅनेजरलाही जायची. बिलाच्या आणि बोटीच्या मजकुराखाली झाडाला दुखतं का असं लिहिलेलं ते वाचतील, आणि हे कुणाचं डोकं आहे ते ओळखतील, याची मला लाज वाटली. तीन दिवसांनी अण्णांनी विचारलं, आलं का उत्तर. मी म्हणाले, आलं. दहाव्या वर्षी पाडतात, असं लिहिलंय. दहा हा आकडा माझ्या तोंडात आपोआप आला. शोधलं असतं तर दोन मिनिटांत खरं सापडलं असतं. मी तेवढंही केलं नाही.

दोन दिवसांनी भाजी निवडताना अण्णा म्हणाले, "दहा म्हंजे लेकरूच की." ते त्यांच्या मनातून जाईना. म्हणून मग मी आणखी सांगितलं. भोक लहानच असतं, झाडाला कळत नाही, आणि तो माणूस रोज प्रत्येक झाडापाशी उभा राहून हात फिरवतो. अण्णांना बरं वाटलं.

तिथून ते सुरू झालं. अण्णा विचारायचे आणि मी उत्तर आणायची. बर्फ किती पडतो, तिकडं चहात काय घालतात, त्यांना मुलंबाळं किती. मी त्या माणसाला एक मुलगी दिली. ती शहरात नोकरी करते आणि रविवारी येऊन वडलांबरोबर डोंगरावर नळ्या तपासत फिरते, असं सांगितलं. अण्णा म्हणाले, "गुणाची पोरगी हाय." मग त्यांनी निरोप दिला, आमच्याकडं आलात तर आमच्या घरीच उतरा. मी म्हणाले, लिहिते. दोन हंगाम हे चाललं. अण्णांशी मी जन्मात एवढं बोलले नव्हते, आणि त्यातलं एक वाक्यही माझ्या स्वतःबद्दल नव्हतं. शेजारी कुणी आलं तर अण्णा म्हणायचे, आमचे एक दोस्त आहेत कॅनडाला. आई माझ्याकडे बघायची आणि मी ताट उचलून आत जायची.

तिसऱ्या हंगामाचा माल निघायच्या आधी एका सकाळी अण्णा नमुन्याची गुंडाळी घेऊन वर आले. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, एवढं बघून घ्या." मी मान न उचलता ठेवा म्हणाले. अर्ध्या तासानं खालून आरडाओरडा ऐकू आला. ते मशीनपाशी पडले होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. त्यात मी मॅडमच होते.

दवाखान्यात त्यांच्या नाकातून पोटात नळी घातली. सिस्टरनं मला शिकवलं. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, तिच्यात पातळ पेज ओतायची आणि सिरिंज नुसती उंच धरायची. जोर लावायचा नाही, आपोआप उतरतं. संपायच्या आत पुढची ओतायची, नाहीतर हवा जाते. अण्णा त्या नळीकडे बघत राहायचे. ती बहुधा आमच्या नळीएवढीच असेल. सिरिंजमधली पेज तळाला येऊ लागली की ते डाव्या हाताचं एक बोट उचलायचे. मी लगेच पुढची ओतायची. एकदाही हवा गेली नाही. आम्ही दोघं मिळून ते काम चांगलं करत होतो.

पाचव्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून फोनवरून त्या माणसाला खरी ईमेल लिहिली. मॅनेजरचं नाव काढून टाकलं. आमच्या मशीन ऑपरेटरना विचारायचं आहे, असं लिहिलं आणि अण्णांचे पहिले दोन प्रश्न लिहिले. माझे वडील असं तेव्हाही लिहिलं नाही. मला वाटत होतं की एक तरी खरं उत्तर त्यांना ऐकवावं, मग माझं ओझं उतरेल.

उत्तर दोन दिवसांत आलं. मी अण्णांच्या उशाशी बसून मराठीत सांगत गेले. तुमच्या ऑपरेटरचा प्रश्न चांगला आहे. साधारण चाळीस वर्षांचं झाल्याशिवाय आम्ही झाडाला हात लावत नाही. भोक बाहेरून बुजतं, आतलं तेवढं लाकूड मात्र मेलेलंच राहतं. झाड त्याच्यावरून नवं लाकूड वाढवतं. दर वर्षी आम्ही नवी जागा बघतो.

अण्णांनी डावा हात उचलला. पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. दहा. ते माझ्याकडे बघत होते. तू दहा म्हणाली होतीस.

मी तेव्हा म्हणू शकले असते की ते दुसऱ्या जातीचं झाड. त्यांनी मानलं असतं. मी म्हणाले, "अण्णा, आधीची उत्तरं त्यांची नव्हती. मीच सांगत होते. मी त्यांना कधी विचारलंच नाही."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला असावा. मी विचारलं, पाणी देऊ का. त्यांनी डोळे मिटले. मग मान भिंतीकडे वळवली.

संध्याकाळी मी सिरिंज उंच धरली. पेज तळाला आली. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते, ते चादरीवर तसंच पडून होतं. हवा गेली. अण्णांना ठसका लागला. सिस्टर मला म्हणाली, लक्ष कुठाय तुमचं. दुसऱ्या दिवशीही बोट उचललं गेलं नाही. ते रागावले होते, की त्यांचा एकुलता परदेशी दोस्त मी हिरावून घेतला म्हणून खचले होते, की आजारच वाढला होता, हे मला कळलं नाही आणि आता कळायचंही नाही. डॉक्टर म्हणाले, आजार वाढलाय. मी खरं सांगितलं त्याच्या चौथ्या दिवशी पहाटे ते गेले.

तेराव्यानंतर मी कामावर गेले. टपरीपासून चालत. मालकांनी बोलावून सांगितलं, कॅनडाला कळव, जुना ऑपरेटर वारला, नव्या माणसाला शिकवलंय, मालात फरक पडणार नाही. मॅनेजरला माहितीसाठी पाठवून मी ते तसंच लिहिलं. आमचे ज्येष्ठ ऑपरेटर नुकतेच वारले. त्यांच्या जागी नवे नेमले आहेत. नळीच्या दर्जात काही बदल होणार नाही.

त्या माणसाचं उत्तर जेवणाच्या सुट्टीच्या आधी आलं. तुमच्या ऑपरेटरबद्दल वाईट वाटलं, असं लिहून खाली विचारलं होतं, झाडांबद्दल विचारणारे तेच का?

मी लिहिलं, हो. आणखी काही लिहावं म्हणून थोडा वेळ बसले. खाली नवा माणूस मशीन थांबवून कुणालातरी हाक मारत होता, की वरून मॅडमना बोलवा, नमुना बघायचाय. मी तेवढंच पाठवलं आणि खाली गेले.