सर्व्हरची खंडेनवमी

एका शाळेला मोठं गेट एकच लागतं. आमच्या अप्पांनी आणि चाचांनी मिळून दोन केली. मुदखेडच्या संस्थाचालकांनी चाचांना नांदेडला फोन केला होता, आणि खात्री असावी म्हणून अप्पांनाही लातूरला केला. मग तिकडे चाचांनी मोराचं गेट उभं केलं आणि इकडे अप्पांनीही मोराचंच. चाचांचं गेट शाळेला बसलं. अप्पांचं गेट आमच्या वर्कशॉपच्या कुंपणाला टेकून राहिलं, आणि त्या दिवसापासून दोघांत अबोला सुरू झाला.

अप्पा माझे वडील, आणि चाचा त्यांचे भागीदार. तरुणपणी दोघांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये, एकाच वेल्डिंग मशीनवर काम सुरू केलं होतं. पुढे काम वाढलं तसं चाचांनी आपल्या गावी, नांदेडला, दुसरं वर्कशॉप काढलं. पाटी मात्र दोन्हीकडे एकच. माझी पहिली सायकल चाचांनी भंगारातनं जोडून दिलेली, आणि तिच्यावरून मी पडले तेव्हा अप्पांआधी तेच धावले होते. अशा माणसाशी अप्पा बोलेनात, आणि तोही अप्पांशी बोलेना. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे भांडण मिटायला जागाच नव्हती.

एका दुपारी जेवताना अप्पा म्हणाले, "दसरा झाला की येगळं होऊ. त्येंचं नांदेड त्येंला, माझं लातूर मला."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मला तर घरातलाच कुणी वेगळं बिऱ्हाड करतोय असं वाटलं. मी म्हटलं, "अप्पा, दसऱ्यापर्यंत मला वेळ द्या. दोन गेटं पुन्हा होणार नाहीत असं काहीतरी करते."

"काय करणार?"

"सर्व्हर बसवते."

"बसव," अप्पा म्हणाले. घरात काहीही बसवायचं असलं की ते नाही म्हणत नाहीत.

मी तेव्हा लातुरातनंच एका कंपनीचं कॉम्प्युटरवरचं काम करायची. आमच्या कंपनीत एक सोय होती. प्रत्येक कामाचं एक पान. ते कुणाकडे आहे, कधी द्यायचंय, कोण काय म्हणालं, सगळं त्यावर. ज्याला बघायचं त्यानं जिथं असेल तिथून बघावं. तसलंच एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळत होतं, कुणीही घ्यावं आणि आपल्या मशीनवर बसवावं. दोघांनी एकच पान पाहिलं असतं तर दुसऱ्या गेटाचा जन्मच झाला नसता, असा माझा साधा हिशेब होता.

वर्कशॉपच्या केबिनमध्ये एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर कोटेशनं टाईप व्हायची आणि दुपारी अप्पा पत्ते खेळायचे. उघडून बघितला तर आत लोखंडाचा इतका चुरा, की त्यात एखादी खिडकीची जाळी निघाली असती. ब्लोअरनं तो स्वच्छ केला आणि सगळं पुसून विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं. अप्पा मागे येऊन उभे राहिले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर पळत होत्या.

"पत्ते कुठं हायत?"

"गेले."

"पत्ते गेले?" एवढ्या दुःखानं ते दुसऱ्या गेटाबद्दलही बोलले नव्हते.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. मी डेटाबेस बसवायला घेतला, निम्मा झाला, आणि बाहेर कारागिरानं वेल्डिंगचा आर्क मारला. दिवे मंदावले, कॉम्प्युटर मटकन बंद. परत पहिल्यापासून. परत निम्म्यावर आले, परत चर्रर्र, परत अंधार. मी केबिनमधून बाहेर धावायची, तोवर कारागीर काच तोंडावर घेऊन वाकलेला, त्याला ना दिसतंय ना ऐकू येतंय. घरचा इन्व्हर्टर उचलून आणला, तर त्याची बॅटरी उतरलेली. शेवटी मी केबिनच्या पायरीवर बसून हसायलाच लागले. रडायला आलं की मला आधी हसू येतं.

अप्पांनी ते पाहिलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "पोरीचं काम होईस्तोर कुणी आर्क मारायचा न्हाई! रंगाचं करा, घासायचं करा, न्हाईतर बसून ऱ्हावा!"

ऐन सणाच्या तोंडावर वर्कशॉप गप्प झालं. कारागीर दारात दाटीवाटीनं उभे राहून माझा काळा पडदा बघू लागले. त्या शांततेत मी एकेक ओळ घातली. डेटाबेस झाला, सॉफ्टवेअर उतरलं, वेब सर्व्हर सुरू झाला. ब्राउझर उघडला, तर पांढऱ्या पानावर ठसठशीत ५०२. मागून कुणीतरी म्हणालं, "पाचशे दोन आले! चांगले हायत का?" चांगले नव्हते, म्हणजे आतलं काम अजून उठलेलं नव्हतं. एका फाइलमध्ये एक अंक चुकला होता. तो दुरुस्त केला, पान पुन्हा उघडलं, आणि समोर निळं स्वच्छ पान आलं: नाव टाका, पासवर्ड टाका. मी खुर्चीवरून उडालेच. दारातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आईला फोन केला, शेजारच्या पंक्चरवाल्याला दाखवलं, दिवसभर पाय जमिनीवर टेकले नाहीत.

बाहेरून आत येण्याची वाट इंटरनेटवाल्याकडून उघडून घेतली आणि नांदेडला चाचांना फोन लावला. "उघडा चाचा, उघडा!"

"खुलून राहिलं, बेटा, खुलून राहिलं! हौ, मेरा नाम दिखून राहा!"

सर्व्हरवर पहिलं काम टाकायचा मान मी चाचांना दिला. चाचांनी लगेच टाकलं: "मोराचं गेट. चूक कुणाची?" आणि ते काम अप्पांच्या नावावर लावलं.

अप्पांनी चष्मा लावला, वाचलं, आणि ते चाचांच्या नावावर परत लावलं. ही कळ दाबायला मी त्यांना शिकवलं नव्हतं.

पुढे रोज हेच. सकाळी चूक लातूरला, दुपारी नांदेडला, चहाच्या वेळी परत लातूरला. बाकीची कामं मात्र झकास चालली होती. ग्रिलचे फोटो येत होते, मापं एकाच ठिकाणी राहत होती, दोन माणसं एकच काम करत नव्हती. तोंडानं हाय-न्हाई बोलणारे अप्पा तिथं लिहायला बसले की तहसीलदार व्हायचे: "सबब कळविण्यात येते की अँगल अद्याप प्राप्त नाहीत." चाचा फोनवर बोलून लिहायचे, त्यामुळे त्यांच्या उत्तरात मागून ओरडणारा भाजीवालाही यायचा. मी पोट धरून हसायची. पण एक शब्द म्हणून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सर्व्हर बसला होता, माणसं बसत नव्हती. दसरा जवळ आला तशी माझी झोप उडाली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याचा तो विसाव्याचा दिवस. दरवर्षी चाचा आदल्या संध्याकाळीच नांदेडहून झेंडूची पिशवी घेऊन यायचे. झेंडू चाचांनी आणायचा, हा आमच्या वर्कशॉपचा रिवाज. या वर्षी आले नाहीत. अप्पांनी गंजगोलाईच्या बाजारातून फुलं आणली आणि "कसली ही फुलं" म्हणत स्वतःच नावं ठेवली.

सकाळी मी वर्कशॉपमध्ये गेले, तर सतरंजीवर सगळी मंडळी अंघोळ करून बसलेली: वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, पाने, हातोडे. आणि शेवटी माझा सर्व्हर. गळ्यात झेंडूचा हार, कपाळी कुंकवाची पाच बोटं, समोर नारळ. आणि एकदम गप्प.

"अप्पा! बंद केला?"

"मग? रात्रंदिवस राबतंय त्ये. आज त्येलाबी इसावा नको का, माय?"

मी खाली बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि तेवढ्यात फोन वाजला. चाचा होते. आवाज चढलेला.

"बेटा, पेज खुलून नाही राहिलं. काढलं ना मला? दसरा तर होऊ द्यायचा होता! मी येऊन राहिलो. तोंडावर सांगू दे त्यांना."

"चाचा, ऐका तरी, पूजा..."

फोन बंद. चिडले की चाचा फोन बंदच करून टाकतात.

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. अप्पांना सांगितलं. "मी कामून काढीन त्येला?" एवढंच म्हणाले.

"चालू करू का लगेच? फोन उघडतील, पान दिसेल, वाटेतनं परत जातील."

अप्पांनी सर्व्हरकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "नको," म्हणाले. "बंदच ऱ्हाऊ दे. येऊ दे त्येला." आणि मग घरी फोन करून आईला सांगितलं, पुरण वाढवून घाल.

तेव्हा मला कळलं, की आज त्यांना सर्व्हरपेक्षा चाचाच हवे होते. त्या क्षणी अप्पा मला इतके आवडले, की मी त्यांना तसं सांगूनही टाकलं. ते म्हणाले, "येडी हायेस का?"

नांदेडहून लातूर काही जवळ नाही. दुपार कलली तेव्हा चाचा फाटकातून आत आले. घामेघूम, टोपी वाकडी, चेहरा लाल. आणि हातात झेंडूची पिशवी. भांडायला निघालेल्या माणसानं वाटेत फुलं घेतली होती.

त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना हार घातलेला सर्व्हर दिसला. मग सतरंजीच्या मधोमध ठेवलेला एक जुना, आखूड हातोडा दिसला. नांदेडला जाताना चाचा तो इथंच ठेवून गेले होते. पूजेचं पहिलं कुंकू त्यालाच लागलेलं होतं.

अप्पा पुढं आले. म्हणाले, "फुलं आणायला उशीर केला, मिस्त्री."

चाचांनी वाकून हातोडा निरखला, हात न लावता. "दांड्याला तेल कोण लावलं? निसटंल ना हातातून."

"मग सांगायला हितं ऱ्हायचं की!"

"मग बोलवायचं की!"

एवढ्यावर दोघंही हसायला लागले, आणि अप्पांनी चाचांचा हात धरून त्यांना घरी नेऊन पाटावर बसवलं. या खेपेला मी सरळ रडले. चाचांनी पुरणपोळीवर तुपाची धार मागितली, अप्पांनी आईच्या हातून वाटी घेऊन स्वतः वाढली. वेगळं व्हायचा विषय कुणी काढला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर.

चाचा मुक्कामालाच राहिले. दसऱ्याला सकाळी कुंकू पुसून मी सर्व्हर चालू केला. हाराची एक पाकळी पंख्यात गेली होती, ती घरघरली आणि बाहेर आली. निळं पान उघडलं. केबिनमध्ये अप्पा आणि चाचा एकाच स्टुलावर कसेबसे बसून एका फोनमध्ये डोकं घालून काहीतरी खुसूखुसू करत होते. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही.

मग माझ्या फोनवर टिंग वाजलं. "मोराचं गेट. चूक कुणाची?" हे काम माझ्या नावावर लागलं होतं.

ते अजून माझ्याच नावावर आहे. मी काही ते बंद करणार नाही.