सांगून टाकलेल्या कथा

भास्करराव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. माझ्या दिवाळी अंकाची पानं लागत आली होती आणि त्यांच्या कथेचा, नेहमीप्रमाणे, पत्ता नव्हता... आता चिडायचं कोणावर, ते काही अजून कळत नाही.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली नोकरी सांभाळून या माणसाने ऐन उमेदीत दोन कथासंग्रह लिहिले. तिसरा मी काढणार होते. पण कथा सुचली की ती आधी कोणाला तरी सांगायची, ही त्यांची खोड. रविवारी सकाळी त्यांच्याकडे नवीन लिहिणारे जमायचे. आयटी आल्यावर तर हिंजवडीची मुलंही यायला लागली. कोणी म्हणालं, "सर, काही सुचतच नाही," की हे चहा ओतता ओतता आपली ताजी कथा त्याला देऊन मोकळे! मग ती त्या मुलाच्या नावाने माझ्याकडेच यायची, आणि चांगली असल्यामुळे मला छापावी लागायची.

"अहो, तुमचा संग्रह कधी व्हायचा?"

"एकदा सांगून झाली की माझं मन भरतं, बाई. आणि त्याचा हात तर सुटला!"

नुसता संताप व्हायचा. ती मुलं मराठीत लिहीत राहिली ती यांच्यामुळे, हे मलाही दिसत होतं. पण माणसाने स्वतःसाठी काही राखून ठेवायचं की नाही?

शेवटच्या भेटीत त्यांनी मला लोणी काळभोरच्या एका बाईची कथा सांगितली. कॉलेज बांधायला शेत विकलेली बाई, आणि त्याच कॉलेजात शिकणारी तिची मुलगी. मी सुन्न झाले. "ही कोणाला द्यायची नाही," मी दम दिला. ते हसले. पुढे आठवडाभरात, काही आजार नसताना, गेले. मग मी ठरवलं, ती कथा मीच उतरवून काढायची आणि त्यांच्या नावाने छापायची.

परवा शोकसभेनंतर एक मुलगी थांबली. गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. "मॅडम, सरांनी मला लोणीच्या बाईंची स्टोरी दिलीये. ऑलमोस्ट लिहून झालीये, पण एन्ड सांगायचा राहिला. म्हणाले होते, अडलीस तर आमच्या संपादकबाईंना विचार."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, नाहीच सांगायचा. एवढी एक तरी त्यांची राहू दे... ती पोर तशीच उभी होती. हॉलमधला माणूस खुर्च्या उचलत होता.

"अहो, दोन खुर्च्या राहू द्या," मी त्याला म्हणाले. आणि तिला म्हटलं, "बस. मध्ये बोलायचं नाही."