झोपलेल्या हॉकी संघाची बखर

उदकाच्या सर्व रूपांचा स्वामी जो वरुण, आणि त्याच उदकावर शेषाची शय्या करून पहुडणारा जो श्रीहरी, त्या दोघांना प्रथम नमस्कार करतो. आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरात घट मांडला आहे आणि पत्नी आत नैवेद्याच्या तयारीत आहे. अशा दिवशी बर्फावर खेळणाऱ्या एका परदेशी हॉकी संघाविषयी लिहायला बसावे, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्या संघाचा गोलरक्षक माझ्या मुलीचा मुलगा आहे. आमचा संघ कुठून आला आणि कुठे गेला हे मराठीत कुणीतरी लिहून ठेवावे, असे त्यानेच मला मागे एकदा सांगितले होते. त्याच्यासाठी माझ्या हातून होण्यासारखे एवढेच काम आता उरले आहे.

मी निपाणीच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. निवृत्तीनंतर आम्ही बेळगावात वडगावला, विणकरांच्या गल्लीत राहायला आलो. मुलगी लग्न होऊन अमेरिकेच्या उत्तर टोकाला गेली. नातू लहान असताना काही वर्षे आमच्यापाशी होता. बेळगावच्या मुलांना चाकांच्या बुटांचे वेड फार. त्यालाही ते लागले. संध्याकाळी मी स्केटिंगच्या मैदानाच्या कठड्याबाहेर उभा राहून स्तोत्र म्हणत असे, आणि तो आत सिमेंटवर पडत आणि उठत असे. तिकडे परतल्यावर चाकांच्या जागी पोलादी पाती आली आणि सिमेंटच्या जागी बर्फ आला. मोठा झाल्यावर तिथल्या एका व्यावसायिक संघाने त्याला जाळीपुढे उभे केले.

व्यावसायिक म्हणजे पगार मिळे. लीग मात्र खालच्या पायरीची. मोठ्या शहरांचे श्रीमंत संघ अशा लहान संघांना जणू दत्तक घेतात, चांगला निघालेला खेळाडू वर उचलून नेतात आणि नकोसा झालेला खाली पाठवतात. आमच्या नातवाला वरून बोलावणे कधी आले नाही. तो त्या पायरीवरच रमला होता.

तिकडची संध्याकाळ ती आमची सकाळ. सामन्याच्या दिवशी मी पूजा लवकर आटोपून फोन एका पाटावर, डब्याला टेकवून उभा करी. शेजारचे विणकर अण्णा माग सुरू करण्यापूर्वी चहाला येत आणि तेही बघत बसत.

"आप्पा, ह्यातला तुमचा नातू कंचा?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले.

"तो जाळीपुढचा. तोंडावर मुखवटा आहे तो."

"समदी पळत्यात आन् ह्यो एकटा हुबा. बरी नोकरी हाय की."

"तो गोल अडवतो, अण्णा."

"व्हय? आत्ताच दोन गेलं की आतनं."

आतून पत्नीचा आवाज आला, "अण्णा, चहा हवा आहे ना तुम्हाला?"

"ऱ्हायलं, आक्का, ऱ्हायलं. तिसरा अडीवला बघा त्यानं. लई झाक अडीवला."

रविवारी नातू फोनवर संघाचा इतिहास सांगे. मी तो एखाद्या घराण्याच्या वंशावळीसारखा ऐके. संघाचा जन्म एका कागद गिरणीच्या गावातला. पाळी संपली की कामगार तसेच अंगावरच्या कपड्यांनी सामना बघायला येत. खेळाडूंच्या छातीवर कुऱ्हाडीचे चित्र असे. गिरणी बंद पडली, तशी बाके ओस पडली. मग मालकाने लीगचा परवाना दुसऱ्या गावच्या माणसाला विकला. त्या गावी छातीवर मासा आला. तिथे जम बसतो न बसतो तोच दत्तक घेणाऱ्या मोठ्या संघाने हात काढून घेतला, आणि परवाना तिसऱ्या गावी, एका तळ्याकाठी गेला. छातीवर घुबड आले. नातू खेळला तो या घुबडाच्या काळात.

खेळाडू बदलले, रंग बदलला, नाव बदलले, गावही बदलले. तरी पहिल्या गावचे काही म्हातारे कुऱ्हाडीचे जुने स्वेटर घालून दूरवरून येत आणि कोपऱ्यात बसून घुबडांसाठी टाळ्या वाजवत.

आम्ही सीमाभागातले लोक. आमचे गाव जागचे हलले नाही. राज्य बदलले, पाट्यांवरची लिपी बदलली, गावाच्या नावाचा उच्चारही बदलला. म्हणून नाव बदलूनही वस्तू टिकते, हे मला उमजते. पण माणसे मागे ठेवून संघ उठून जातो आणि तरीही तोच म्हणवतो, हे काही केल्या उमजेना. मी एकदा नातवाला विचारले, "मग संघ म्हणजे नेमके काय रे?"

तो म्हणाला, "आम्हालाही माहीत नाही, आजोबा. मॅच असली की असतो."

गेल्या आषाढात मुलीचा फोन आला. मालकाला संघ चालवणे जमेना, आणि लीगने संघाला 'डॉर्मंट' ठरवले. हा शब्द मला नवा होता. मी नातवाला फोनवर बोलावून अर्थ विचारला.

"झोपलाय म्हणायचं, आजोबा. बंद नाही केला. परवाना आहे तसा राहणार. कुणी नवा मालक मिळाला की उठेल."

माझ्या जिवात जीव आला. देवशयनी एकादशी दोन-चार दिवसांवर आली होती. मी सहज विचारले, "उठणार कोणत्या तिथीला?"

"तिथी नाही दिली त्यांनी."

"तिथी न सांगता निद्रा कशी घेतील?"

तो हसला. "बरं, लीगला तसं कळवतो."

त्याला तो विनोद वाटला. मी मात्र मनापासून विचारले होते. ज्याने जन्मभर पंचांग हाती धरले, त्याला निद्रा म्हटली की तिच्या पाठोपाठ उत्थान दिसते. देव आषाढात निजतात, कार्तिकात उठतात. मध्ये फक्त चार महिने नियमाने राहायचे असते. त्यात हॉकीचा हंगामही आश्विन-कार्तिकातच उघडतो. हा योग मला संकेतासारखा वाटला. मी चातुर्मासाचा नेम म्हणून रोज विष्णुसहस्रनामाचा एक जादा पाठ सुरू केला आणि मुलीला कळवले, "काळजी करू नकोस. संघ निजला आहे."

अण्णांनाही तेच सांगितले. ते चहा फुंकत म्हणाले, "संघ निजंना का, आप्पा. पोरगं जागं हाय न्हवं? त्यानं काय करायचं तवर?"

प्रश्न तोच होता. नातू तिशीला आला होता. एका संघाला गोलरक्षक लागतात दोन. त्यातला एक तर बहुधा बाकावरच बसतो. एक हंगाम घरी बसलेल्या तिशीच्या गोलरक्षकाला पुन्हा कोण विचारणार? संघ यंदा उठला तर तो खेळाडू राहणार होता, नाहीतर त्याचा खेळ संपणार होता. भाद्रपदात दुसऱ्या एका गावच्या संघाने त्याला सरावाला बोलावले आणि थोड्याच दिवसांत परत पाठवले. तू चांगला आहेस, पण आमच्याकडे दोघे आहेत, असे ते म्हणाले.

मुलीचा स्वर खाली गेला होता. "बाबा, तो घरात बोलतच नाही. तुम्ही बोला ना त्याच्याशी."

मी बोललो. जेवलास का विचारले, तिकडे थंडी पडली का विचारले. त्याने दोन्हींची उत्तरे दिली. मग मी फोन पत्नीच्या हाती दिला. पाठ मात्र चालू ठेवला.

प्रबोधिनी आली. देवळात देव उठवले, घंटा झाल्या, तीर्थप्रसाद झाला. घरी आल्यावर मी फोनकडे बघत बसलो. पत्नी म्हणाली, "तुम्हीच लावा की." मला धीर झाला नाही.

पुढच्याच आठवड्यात सकाळी नातवाचा फोन आला. मी सोवळ्यातच होतो आणि अण्णा चहाला बसले होते. घुबडांचे सामने जिथे होत, त्या तळ्याकाठच्या इमारतीत नातू उभा होता. इमारत एका गोदामवाल्याने विकत घेतली होती, आणि लहान मुलांच्या शिकवणीसाठी आतापर्यंत राखलेला बर्फ वितळवणे चालू होते. मैदानाच्या मधोमध बर्फाच्या आत घुबड रंगवलेले असे. बर्फाचे पाणी होत होते आणि घुबडाच्या डोळ्यांचा पिवळा रंग हळूहळू चोहीकडे पसरत होता. एक माणूस लांब दांड्याच्या रबराने ते पाणी नाल्याकडे लोटत होता. नातवाच्या पायांत साधे बूट होते.

"दिसतंय का, आजोबा?"

"दिसतंय."

त्याने फोन घुबडावर धरून ठेवला. मग तो म्हणाला, "तुम्ही सगळ्याला मंत्र म्हणता. ह्याला काही असतो का? असेल तर म्हणा."

घराचा पाया, नवी विहीर, अण्णांचा नवा माग, कुणाची मोटार, या सर्वांसाठी मी मंत्र म्हटले आहेत. यासाठी मला एकच आठवला, तो विसर्जनाचा. रंगवलेली मूर्ती पाण्याला मिळत असताना म्हणतात तो. मी डोळे मिटून म्हणू लागलो. आवाज नीट लागला. परंतु त्या मंत्राच्या शेवटी पुन्हा येण्याची विनंती असते. तिथे आलो आणि जीभ अडली. ही निद्रा नव्हे, हे मला त्या पाण्याकडे बघताना कळून चुकले होते. जे परत येणार नाही त्याला या म्हणून कसे विनवावे?

नातवाला संस्कृत येत नाही, पण लहानपणी आमच्या घरच्या गणपतीला त्याने तो मंत्र ऐकलेला होता. चाल त्याच्या कानात होती, आणि शेवटी देवाला पुन्हा या म्हणतात, हे मीच त्याला तेव्हा सांगितले होते.

"थांबलात का? अजून आहे ना?"

"आहे, बाळ. शेवटचे राहिले."

त्याने फोन थोडा खाली घेतला. मला फक्त ओले मैदान दिसत होते. "राहू द्या ते," तो म्हणाला. "तेवढं नका म्हणू."

अण्णांनी कप खाली ठेवला आणि माझ्या खांद्याला हात लावून ते मागावर गेले.

मुलगी सांगते, त्याने आपली पॅडे आणि मुखवटा शिकणाऱ्या मुलांना देऊन टाकला आणि आता तो शाळेची बस चालवतो. बोलतो, पण हॉकीवर नाही. एक अक्षर गाळले म्हणून मी विद्यार्थ्यांना पुनःपुन्हा पाठ म्हणायला लावीत असे. तोच मी एक मंत्र अपुरा ठेवून बसलो आहे, आणि तो पूर्ण करण्याची मला आज्ञा नाही.

वाचकहो, तुमच्या घरातले जे कुणी दूर गेले आहे, त्याचा आवाज तुमच्या कानी रोज पडो. त्याने संकटात शब्द मागितला, तर तो तुमच्यापाशी असो. आणि नसला, तर त्याच्यासोबत गप्प बसण्याचे बळ श्रीहरी तुम्हांस देवो. तुमच्या चुलीला अन्न, मुलाबाळांना आयुष्य आणि उंबरठ्याला येणारी-जाणारी पावले लाभोत.