पेच फिरवण्याआधी

गुलाबकाका गेल्याचं बेबीकाकूंनीच फोन करून कळवलं. मारेगावच्या शाळेत सरावाचा तास नुकताच संपला होता, मुली हातातली पिस्तुलं पेटीत ठेवत होत्या आणि मी दाराशी उभी होते. "वर्षा, तुझे काका गेले व..." एवढंच त्या बोलल्या आणि मग पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. मुलींना घरी पाठवलं, पेटीला कुलूप लावलं आणि बराच वेळ त्या रिकाम्या वर्गात बसून राहिले. त्याला आता दीड महिना होईल. शाळेच्या परीक्षांमुळे त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला जाता आलं नाही, त्याची रुखरुख आहेच. म्हणून हे चार शब्द.

गुलाबकाका माझ्या नात्यातले नव्हते. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते फिटर होते आणि माझे बाबा तिथल्याच वजनकाट्यावर. कापसाचे हाल सुरू झाले होते ती वर्षं. एकेक जिनिंग बंद पडत होती, आणि आमच्या जिनिंगच्या फाटकाशी पूर्वी जिथे बैलगाड्यांची रांग लागायची तिथे दुपारी कुत्री झोपलेली असायची. अशा दिवसांत आमच्या शाळेतल्या गावंडे सरांनी नागपूरहून एक जुनं एअर पिस्तूल आणलं. छर्ऱ्यांचं, खेळातलं. शाळेच्या लांब ओसरीत दहा मीटर मोजून त्यांनी पुठ्ठ्याचं लक्ष्य टांगलं आणि आम्हा सात-आठ मुलींना नेम धरायला शिकवलं. मी अकरावीत होते. हात बरा होता म्हणून अमरावतीच्या विभागीय स्पर्धेसाठी सरांनी माझं नाव दिलं.

स्पर्धा नऊ दिवसांवर आली आणि माझे छर्रे उजवीकडे जाऊ लागले. एक नाही, सगळेच. पिस्तुलावर पुढे माशी असते आणि मागे खाच. खाचेच्या मधोमध माशी दिसली की नेम बरोबर. मागची खाच डावी-उजवीकडे सरकवायला एक बारीक पेच असतो, हे मी सरांना करताना पाहिलं होतं. सर त्या दिवशी पुसदला गेले होते. मी आईच्या शिलाई मशीनच्या खणातला पेचकस आणला आणि त्या पेचाला लावला. पेचकस रुंद, पेचाची चीर अरुंद. जोर केला तसा तो घसरला, चिरीचे काठ उखडले आणि खाचेच्या काळ्या पत्र्यावर पांढरा ओरखडा उठला. पेच जागचा हलला नाही... शाळेतलं ते एकुलतं एक पिस्तूल. मी ते गुपचूप पेटीत ठेवलं आणि घरी येऊन जेवलेच नाही.

बाबांना सांगावंच लागलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेतून पेटी घ्यायला लावली आणि मला जिनिंगच्या फिटिंग खोलीत घेऊन गेले. गुलाबकाकांनी हात पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि पेचाकडे पाहत विचारलं, "हे कोणं केलं?"

"मी."

"कायनं?"

"शिलाई मशीनच्या पेचकसानं."

"सरले सांगितलं?"

मी मान खाली घातली. त्यांनी पिस्तूल पुन्हा पेटीत ठेवलं. "मंग आधी सरले सांग. वस्तू त्यायची आहे. त्यायले माहीत नसताना मी खोलत नसतो." बाबा काही बोलायला गेले, तर काका म्हणाले, "भाऊ, पोरीचं काम पोरीले करू द्या."

तिथून शाळेपर्यंतचा रस्ता मला अजून आठवतो. सरांना मी सगळं सांगितलं. सरांनी पेटी उघडून पेच पाहिला. मग पेटी उचलली आणि म्हणाले, "चल, मीही येतो."

त्या दिवशी काकांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. टेबलावर धुतलेलं फडकं अंथरलं, त्यावर सहा पेचकस ओळीनं मांडले आणि मला म्हणाले, "आता याच्यातला निवड." मी सगळ्यात बारीक उचलला. त्यांनी तो चिरीत धरून दाखवला, तो आत खुळखुळत होता. "बारीक पाह्यजे असं नाही. चिरीइतका रुंद पाह्यजे, अन् चिरीत घातला का हलाले नाही पाह्यजे. हलला का काठ खातो." सहापैकी एकही नीट बसेना. तेव्हा त्यांनी त्यातला एक घेतला आणि त्याचं टोक तेल लावलेल्या दगडावर घासायला लागले. दोन वेळा घासायचं, चिरीत घालून पाहायचं, पुन्हा घासायचं. जिनिंगच्या रोलरवर चढवतात त्या चामड्याचा तुकडा त्यांनी टेबलाला जोडलेल्या वाईसच्या, म्हणजे वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्यात घालून पिस्तूल हलक्यानं धरलं. उखडलेले काठ पितळेच्या कांडीनं टिचक्या मारल्यासारखे दाबून बसवले. लोखंडाची का नाही, असं मी विचारलं. "पितळ सोता चेपते, पण समोरच्याले चेपू देत नाही," ते म्हणाले. मग खाचेच्या जागेची पेन्सिलीनं खूण केली, तेलाचा एक थेंब सोडला आणि सरळ सांगितलं, "आता उद्या." सरांनी घड्याळाकडे पाहिलं. दिवस मोजकेच होते. पण काकांनी दिवा बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी तो पेच असा सुटला, जसा कधी अडकलाच नव्हता. मला वाटलं, आता ते खाच डावीकडे सरकवतील आणि काम होईल. त्यांनी ती पहिल्या खुणेवरच परत बसवली. गोदामात दहा मीटर मोजून पुठ्ठा लावला आणि सरांना म्हणाले, "सर, तुम्ही मारा. पाच." सरांचे पाचही छर्रे मधल्या काळ्यात एकमेकांना चिकटून बसले. मग मी मारले. पाचही उजवीकडे.

मला कळलं. खाच पहिल्यापासून नीट होती. मी चाप ओढताना मनगट वळवत होते, आणि दोष हाताचा असताना मी पेच फोडला होता. मला रडू आलं. काका माझ्याकडे न पाहता फडक्याची घडी करत म्हणाले, "पेच फिरवाच्या आधी पाच छर्रे आपण मारावं, अन् पाच दुसऱ्याले मारू द्यावं. मंग समजते, काय फिरवाचं हाय ते." थोडं थांबून म्हणाले, "मीही एका मशीनची पट्टी अशीच बिघडवलती. तुयापेक्षा मोठा होतो."

अमरावतीला मी सहावी आले. निवड झाली नाही. पण पुढल्या वर्षी तिसरी आले, राज्य स्पर्धेला गेले आणि त्या खेळाच्या जोरावरच पुढे क्रीडाशिक्षिका झाले. मधल्या काळात जिनिंग बंद पडली. बाबा किराणा दुकानात हिशेब लिहायला लागले. काकांनी मशीनमधल्या, सरकी सुटी करणाऱ्या पोलादी पट्ट्या स्वतः खोलल्या, प्रत्येकीला तेल लावून कागदात गुंडाळली. भंगारवाला म्हणाला, भंगारात जाणारं हे कशाला पुसता? "जाऊ दे ना भंगारात, पण चांगली जाऊ दे," एवढंच काका म्हणाले. मग ते यवतमाळजवळच्या लोहारा गावी एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागले. मी यवतमाळला शिकत होते, नंतर मारेगावला नोकरी लागली. शाळेची पिस्तुलं घेऊन दर उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे जायची. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "पाच मारले का? दुसऱ्यानं?"

शेवटची भेट गेल्या वर्षीची. एका पिस्तुलाची माशी वाकडी झाली होती, ती काढून नवी घालायची होती. काकांचे हात थरथरायला लागलेत हे मला माहीत नव्हतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते, एकावर एक. "तू कर," म्हणाले, "मी पाह्यतो." मी आधी पेन्सिलीनं जुन्या जागेची खूण केली. मग त्यांच्या पेटीत हात घातला आणि पितळेची कांडी उचलली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर माशीवर होती. मी माशी सरकवत असताना त्यांचा उजवा हात मांडीवरच हलके हलके टिचक्या मारत होता, माझ्या आधी अर्धा क्षण. नवी माशी जागेवर बसली तेव्हा तो हात थांबला... चहा पिताना ते एवढंच म्हणाले, "तुया हातात घाई नाही राह्यली आता." मला मिळालेल्या कुठल्याही पदकाहून हे वाक्य मी जास्त जपून ठेवलं आहे.

गेल्या रविवारी लोहाऱ्याला काकूंना भेटायला गेले. त्या चहा करत होत्या आणि मी खोलीत बसून उगाच भिंतींकडे पाहत होते. आणि मग लक्षात आलं. कपाटाच्या बिजागऱ्या, दाराची कडी, आरशाचे कोपरे, जिथे जिथे पेच होता तिथे त्याची चीर अगदी उभी होती. सगळ्या खोलीत एकही तिरपी नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "त्यायची सवय. पेच ढिला झाला का नुसत्या पाह्यण्यानं समजते, म्हणत."

फक्त खाटेसमोरच्या बटनांच्या बोर्डावर चार पेच होते, आणि त्यातले तीन कसेही वळलेले. "हा बोर्ड वायरमननं बसवला, ते आजारी पडल्यावर," काकू म्हणाल्या. "खाटेवरून त्याच्याकडंच पाह्यत राहत. एक दिवस म्हणले, मेन बंद कर अन् पेटी आण. मी कधी पेचकस धरला नव्हता व. चार पेचकस काढाले लावले, एकेक चिरीत घालून पाह्याले लावला. चौथा बसला. मंग म्हणे, हळू... हळू... झालं. बस, आज एकच."

डावीकडचा वरचा पेच सरळ उभा होता.

"बाकीचे मी करून देऊ काकू?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला. "नको," म्हणाल्या. "मी करीन. त्यायनं मले शिकवलं हाय."