फुग्याच्या मागे कोण चालतं

१९६०. दिवाळीच्या आधीचा आठवडा, दिवे लागायची वेळ. ठिकाण: फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्याबाहेरचं खळं. हजर: आजा, याडी म्हणजे माझी आई, शाळेचे मास्तर आणि मी, वय अकरा. शिवाय बैल दोन. मास्तरांच्या सायकलीला ते बुजत, म्हणून ते माझ्या ताब्यात होते.

अमेरिकेने एक मोठा चकाकणारा फुगा आकाशात सोडला आहे आणि तो संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी दिसतो, असं मास्तरांनी पेपरात वाचलं होतं. तांड्यातल्या प्रत्येक घरी ते सांगून आले. जमलो मात्र आम्हीच. याडी तर खळं सारवायलाच आली होती, तिचे हात अजून शेणाचे होते.

फुगा पश्चिमेकडून वर आला. एवढा ठळक तारा मी पाहिला नव्हता, आणि हा चालत होता. सरळ, एका चालीने.

"लदेणीसारखा चालून राह्यला," आजा म्हणाला. मास्तर समोर असले की आमच्याकडे गोरबोली, म्हणजे आमची बंजारा भाषा, बंद, सगळे वऱ्हाडी बोलत. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरणारा तांडा. आज्याचं लहानपण त्यात गेलं होतं.

फुगा माथ्यावरून पुढे सरकला आणि पूर्वेला, डोंगरांच्या बराच वर असताना, विझला.

आजा काठी टेकून उठला. "पडलं. माहूरच्या अंगाला पडलं. सकाळी गाडी जुंपू."

"कायले?" याडीने विचारलं.

"उचलाले."

"सरपण आणाले सांगतलं तं गुडघा दुखते, आन् लोकाच्या फुग्यासाठी माहूरले जाता."

मास्तर हसले नाहीत. "बाबाजी, तो पडला नाही. उंचावर आहे म्हणून त्याच्यावर अजून ऊन होतं. आता पृथ्वीच्या सावलीत गेला, म्हणून दिसत नाही. परत येईल."

"मंग वरच हाय?"

"वरच आहे."

"काम झाल्यावर खाली कोण आणते?"

"ते पेपरात नव्हतं."

मला वाटलं, चक्कर वाचली म्हणून आज्याला बरं वाटेल. तो खाली बसला आणि बराच वेळ काठीने माती उकरत राहिला. याडीने नुकतीच सारवलेली जागा होती, पण तिने त्याला उकरू दिलं. कारण आम्हा दोघींना माहीत होतं.

लदेणीत आज्याचं काम सगळ्यात मागे चालायचं. तळ उठला की शेवटी निघायचं. चुलीतला विस्तव मातीने बुजवायचा, खुंट्या मोजायच्या, दोरीचा तुकडासुद्धा सोडायचा नाही. मागून दुसरा तांडा तिथेच उतरणार असतो. एकदा लोखंडाची एक खुंटी गवतात राहिली. मागच्या तांड्यातला एक कबरा बैल तिच्यावर पाय पडून कायमचा लंगडा झाला. चार मुक्कामांनंतर त्याचा धनी भेटला. तो भांडला नाही, त्याने आज्याला नुसता बैल चालवून दाखवला. ही हकिकत आजा सत्तरीतही सांगे, आणि सांगून झाल्यावर जेवत नसे.

दुसऱ्या दिवशी मी वहीत आकाशात सोडलेल्या अशा वस्तूंचे दोन रकाने आखले: वर गेलेले, खाली आलेले. मास्तर दर रविवारी जुने पेपर आणत, मी वाचून दाखवी, आजा विचारी, "दुसऱ्या खान्यात किती?" पहिला रकाना पानं उलटत गेला. दुसऱ्यात मोजक्याच ओळी होत्या. अशा रविवारी याडी दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसे आणि अधूनमधून म्हणे, "वर जागा लय हाय, काहून जीव जाळता?" आजा म्हणे, "तळालेबी जागा लय होती."

शेवटी त्याने माझ्याकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं. मजकूर त्याचा, अक्षर माझं: "तुमच्या मागं कोण चालते ते कळवा. कोणी नसन तं एक माणूस ठेवा." पाठवायचं कुणाला, हे मास्तर तालुक्याला विचारून सांगणार होते. त्याआधीच त्यांची राळेगावला बदली झाली. सायकल एसटीच्या टपावर चढवताना ते मला म्हणाले, "पत्ता कळवतो." आजा पुढच्या हिवाळ्यात गेला. आदल्या रविवारीही त्याने विचारलं होतं, आलं का काही उत्तर. कार्ड अजून टाकलंच नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

१९६८ साली वाचलं की तो फुगा उतरता उतरता हवेत जळून गेला. मी त्याची ओळ दुसऱ्या रकान्यात घेतली. मोठ्याने वाचून दाखवायला घरात याडी होती. ती म्हणाली, "बुढ्याले सांगाले पाह्यजे होतं."

आता माझ्या खोलीत कामांची यादी भिंतीला असते, आणि झालेलं काम मी त्याच दिवशी खोडते. यादीतली एक ओळ सगळ्यात जुनी आहे, अजून न खोडलेली. वही कपाटात, वरच्या कप्प्यात, कार्ड वहीत. मजकूर पूर्ण, खाली आज्याचा अंगठा. पत्त्याच्या चार रेघा कोऱ्या आहेत. तो पत्ता शोधून लिहायचा आहे.