काढून ठेवलेला रोटर

मागच्या सुट्टीत तुम्ही विचारलंत की आजोबांची गाडी का विकली. तेव्हा मी "जुनी झाली होती" एवढंच सांगितलं. गाडी जुनी होती, पण विकण्याचं कारण ते नव्हतं. म्हणून आता नीट लिहिते.

त्या वर्षी आजोबा पेन्शनच्या कागदांसाठी शहरातल्याच नजरबादला गेले, दहा मिनिटांच्या वाटेवर, आणि संध्याकाळी शहराबाहेर लांब, एच. डी. कोट्याच्या रस्त्यावर सापडले. घर कुठल्या बाजूला ते त्यांना आठवत नव्हतं. पुढचा मडगार्ड चेपला होता. गाडी कशावर आपटली तेही सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद. पण हे त्यांना सांगणार कोण? तुमच्या बाबांनी फोनवरून सांगून पाहिलं, तर आजोबांनी फोनच ठेवून दिला.

म्हणून मी रोटर काढला. बॉनेटखाली डिस्ट्रिब्युटर नावाचा गोल डबा असतो. त्याच्या झाकणाखाली बोटाएवढा एक तुकडा फिरतो आणि प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज पोचवतो. तोच रोटर. तो नसला तर सेल्फ फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. हे मला आजोबांनीच शिकवलं होतं. परगावी गाडी ठेवायची झाली की चोरीच्या भीतीने ते रोटर खिशात घालून आणत.

मनाशी मी एक ठरवलं होतं. रोटर नाही हे त्यांनी ओळखलं, तर डॉक्टर चुकले असं समजायचं आणि तो त्यांच्या हातात द्यायचा.

सकाळी गाडी सुरू होईना. "अगं, आत बस आणि किल्ली फिरव. निधान, घाई नको," आजोबा म्हणाले. निधान म्हणजे कानडीत सावकाश. मी फिरवली. त्यांनी एका प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. ठिणगी नाही. मग कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी वायर धरली. निळी ठिणगी चट्कन उडाली.

"बघितलंस? कॉइलपर्यंत वीज येते, प्लगला पोचत नाही. म्हणजे दोष मध्ये आहे."

अगदी बरोबर.

त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या दोन्ही क्लिपा सोडवल्या, झाकण उचललं आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. स्वच्छ फडक्याने झाकण आतून पुसलं आणि परत बसवलं.

"इथं सगळं ठीक आहे."

"अहो, पुन्हा एकदा बघा ना."

"तुला कळतं का त्यातलं?"

चार दिवस हेच चाललं. प्लग घासून झाले, पेट्रोलची नळी फुंकून झाली, बॅटरीच्या टर्मिनलवर गरम पाणी ओतून झालं. झाकण त्यांनी आणखी तीनदा उघडलं. दर वेळी मी शेजारी उभी होते. दर वेळी ते फडक्याने पुसत आणि बंद करत.

पाचव्या दिवशी त्यांनी लष्कर मोहल्ल्यातल्या मेकॅनिकला बोलावलं. याच माणसाला त्यांनी पूर्वी एकदा झापलं होतं, "झाकण उघडून न बघता इंजिन खोलतोस? मेकॅनिक आहेस की न्हावी?" तो ते विसरला नव्हता. झाकण उचलताच तो हसला आणि कानडीत म्हणाला, "काय सार, मला न्हावी म्हणालात, आणि आज तुम्हीच..."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली असेन, मला आठवत नाही. त्याचं हसू गेलं.

"सार, पार्ट गेलाय," तो हळू म्हणाला. "या गाडीचे पार्ट आता मिळत नाहीत."

"कुठला पार्ट?"

त्याने मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "हा."

आजोबा चष्मा सावरून वाकले. त्या मोकळ्या जागेकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "पार झिजलाय."

त्याच आठवड्यात मी गाडी विकली.