सुनंदानं मागे सोडलेलं मडकं

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या स्टँडवर हदगावच्याच गाडीची वाट बघत होते. ती दवाखान्यातून घरी आली म्हणून भेटायला निघाले होते. गाडी तीच पकडली, कारण तेवढं बदललं. रडायचं नंतर बघू म्हटलं... सहा आठवडे झाले, अजून जमलेलं नाही. आधी राग उतरायला हवा.

आम्ही दोघी अठरा वर्षं एका कचेरीत शेजारच्या टेबलांवर बसलो. ती रेकॉर्डला, मी आवकेला, लोकांचे अर्ज घ्यायला. ‘तोंडी चालत नाही, लेखी आणा,’ हे मी रोज दहा जणांना सुनवायचे आणि तेच लोक मग सुनंदाकडे जाऊन पाणी प्यायचे. तिचा नवरा गेला तेव्हा तिची एकुलती एक लेक पल्लवी बारावीत होती. मडकं पुतण्यानं धरलं. मायलेकींना दारातूनच मागं फिरवलं. त्याबद्दल सुनंदा कधी अवाक्षर बोलली नाही. मला वाटलं, विसरली.

पुढे पल्लवी नोकरीला ग्रीसमध्ये गेली आणि गेल्या वर्षी ईस्टरच्या सुटीत तिनं आम्हा दोघींना कोर्फू नावाच्या बेटावर नेलं. शुक्रवारी गल्लीतून येशूची अंत्ययात्रा गेली, फुलांनी मढवलेली तिरडी, मागे बँड आणि मेणबत्त्या घेतलेली माणसं. शनिवारी सकाळी घंटा वाजल्या आणि समोरच्या गॅलरीतून पाण्यानं भरलेलं भलंमोठं मडकं खाली येऊन फुटलं. मग दुसरं, मग सगळ्याच गॅलऱ्यांतून. सुनंदानं डोक्यावर पदर घेतला.

“कोण गेलं गं?”

“कुणी न्हाई आई. देव परत उठला म्हणून फोडायलेत. खुशी हाय ही.”

“खुशीत मडकं? अन् बायाबी फोडायल्यात?”

घरमालकीण सत्तरीची, काळ्या कपड्यातली विधवा. तिनं काही न विचारता लाल फीत बांधलेलं एक मडकं सुनंदाच्या हातात दिलं. सगळे कठड्यावरून खाली फेकत होते; सुनंदानं मात्र ते खांद्यावर घेतलं. गल्लीकडे पाठ केली आणि मडकं मागे सोडून दिलं. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“त्यांचं राहिलं होतं,” ती म्हणाली. मग खाली जाऊन फितीची गाठ असलेला एक तुकडा वेचून आणला आणि मला म्हणाली, “माझ्या वेळी पल्लवीनं धरायचं. तू सांग घरच्यांना.”

“तूच सांग की. जिती हायस तोवर.”

“माझं कोण ऐकतंय? तू आवकेची बाई. तुला भितेत.”

सुनंदा गेली तेव्हा पल्लवीसाठी थांबले होते सगळे. विमानानं हैदराबादला उतरून, तिथून गाडी करून ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. बायकांनी स्मशानात यायचं नसतं म्हणे. आम्ही दोघी गेलो. सुनंदाच्या थोरल्या दिरांनी मडकं उचललं आणि थेट पुतण्याच्या खांद्यावर दिलं. लेक दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी पुढे झाले, सुनंदाचं म्हणणं सांगितलं.

“लेखी हाय का म्याडम?” दीर म्हणाले.

दोघं-तिघं हसले. सरणासमोर हसले. पल्लवी माझ्याकडे बघत होती, आणि आयुष्यभर लोकांना हेच विचारून परत पाठवणारी मी मागे सरले. दिरांचा राग येतोच. पण पुतण्याच्या खांद्यावरचं मडकं मी काढून घ्यायला हवं होतं. त्याला कुठला कागद लागत होता?

तेराव्याला सुनंदाच्या जावेनं ‘घरात खापर ठेवू नये’ म्हणत खिडकीतला तो तुकडा कचऱ्यात टाकला. मी उचलून आणला. आत्ता पंख्याच्या वाऱ्यानं हे लिहिलेले कागद उडू नयेत म्हणून तोच वर ठेवलाय. फीत विटलीय, गाठ घट्ट आहे.

मला मुलगा आहे, मुलगीही आहे. माझं मडकं मुलगी धरेल. मुलाला वाईट वाटेल, वाटू दे. कुणी विचारलंच तर हे दाखवा. लेखी आहे.